म्होरक्याची जागा

मांजर्ली, बदलापूर
५ एप्रिल १९९२

किसन, जयभीम.

बालपणापासूनची आपली मैत्री, पण एकमेकांना पत्र लिहिण्याची वेळ आपल्यावर कधी आली नाही. दर रविवारी मी सायकलवरून विठ्ठलवाडीला येत असे आणि जे सांगायचे ते तोंडावर सांगत असे. तो मार्ग आता बंद झाला आहे, म्हणून हा दुसरा उघडतो.

मोरिवलीच्या मैदानात लेझमीच्या सरावात मला घेरी आली, हे तू पाहिलेस. माझ्या बबनने हट्टाने आपल्या दोघांनाही एकाच दिवशी डॉक्टरांकडे नेले. दोघांचेही कार्डिओग्राम निघाले. आपण बाहेर बाकावर बसलो होतो आणि तो आत निकाल ऐकत होता. तुझे हृदय निर्दोष निघाले, याचा मला आनंद आहे. माझे निकामी होत चालले आहे. मी बबनला म्हटले, "तोंडी सांगू नकोस, दाखव." त्याने कागदाची पट्टी पुढे केली. कुठे रेघ तुटली आहे, कुठे ती खाली बसली आहे, ते बोटाने दाखवले. कामगार न्यायालयात युनियनच्या बाजूने उभे राहण्यात मी आयुष्य घालवले. पुरावा समोर आला की वाद संपतो, ही शिस्त मी इतरांना लावली. स्वतःला तिच्यातून सूट देता येणार नाही.

सायकल, जिने, गल्लीपलीकडचे चालणे, सगळ्याला मनाई आहे. लेझीम अर्थातच बंद.

आपल्या पथकाची रीत तुला ठाऊक आहे. म्होरक्याची लेझीम कुणी काढून घेत नाही. तो आपल्या हाताने देतो, आणि ज्याला देतो तो त्या दिवसापासून पुढे उभा राहतो. मी ती बबनबरोबर तुझ्याकडे पाठवली आहे. माझ्या पाठीमागे तू इतकी वर्षे उभा राहिलास, की माझा प्रत्येक डाव तुझ्या अंगात मुरला असेल. जयंतीला नऊ दिवस उरले आहेत. उजव्या बाजूची पोरे पाय लवकर उचलतात, तेवढे सांभाळ.

मिरवणूक कशी झाली ते सविस्तर लिही. अलंकार नकोत, तपशील हवेत.

हरिचंद्र

•

विठ्ठलवाडी
१९ एप्रिल १९९२

हरी,

तुझं पत्र आलं आणि तुझी लेझीमही आली. तुला तपशील हवेत, तर घे.

मोरिवलीतून निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पोरं म्हणाली, काका, आबा नाहीत तर रंग नाही. मी म्हटलं, रंगाचं नंतर बघू, आधी रांग सरळ करा. उजवीकडची पोरं तू म्हणालास तशीच, पाय आधी, कान मागून. हलगीवाल्याला सांगून ठेका थोडा उतरवला, मग बसली जागेवर. कारखान्याच्या फाटकासमोर बैठकीचा डाव घेतला. पार खाली बसलो, हरी, गुडघा जमिनीला लागेस्तोवर, आणि उठताना उडी. फाटकावरचा वॉचमन हातातला चहा विसरून बघत होता.

चौकात कौसाबाई पाणी घेऊन उभी. तिची जीभ तुला माहीत आहे. म्हणते, "किसनदा, एवढी वर्षं मागे राहून पुढचं पाठ केलंत की काय?" मी म्हटलं, मागे राहणाऱ्यालाच सगळं दिसतं, पुढच्याला फक्त रस्ता दिसतो. सगळे हसले.

तू काळजी करू नकोस. जागा सांभाळली आहे. आता एकच सांगतो, तू बस. नुसता बस. डॉक्टर म्हणतो ते ऐक. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलंस, आता ऐकायची पाळी तुझी.

तुझा,
किसन

•

मांजर्ली
२८ जून १९९२

किसन, जयभीम.

तुझे पत्र मी अनेकदा वाचले. बैठकीच्या डावाचा परिच्छेद वाचताना खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या मांड्या आवळल्या, हे तुला सांगण्यात संकोच नाही. जे शरीर करू शकत नाही ते दुसऱ्याच्या शब्दांतून करते, असे आढळले. हा निष्कर्ष शास्त्रीय नसेल, पण अनुभवाचा आहे.

इथला दिवस लवकर सांगून होतो. तळमजल्याच्या खिडकीशी खुर्ची आहे. बबन कारखान्यातून येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "कुठे गेला नव्हता ना?" सूनबाई सुनंदा माझ्या हातातून पाण्याचा तांब्यासुद्धा काढून घेते. औषध म्हणून एक लाल गोळी मिळते. तिने भूक वाढते, आणि वाढलेल्या भुकेला काम नाही. पूर्वी मी उठत असे तेव्हा उठण्याचा विचार करत नसे. हल्ली खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन, मनाशी ठराव मांडून, मगच उठावे लागते. हा आजाराचा भाग असावा.

मोरिवलीहून कुणीही भेटायला आले नाही. याचे मला प्रथम वाईट वाटले. मग लक्षात आले की पथक तुझ्या हाताखाली नीट चालले असेल, तर म्हाताऱ्या म्होरक्याची आठवण न येणे हेच तुझ्या यशाचे लक्षण आहे.

एक शंका मात्र उरते. मला यायची मनाई आहे, तुला नाही. तू धडधाकट आहेस, मिरवणुकीत उड्या मारतोस, आणि विठ्ठलवाडी काही परदेशात नाही. तू का येत नाहीस?

हरिचंद्र

•

विठ्ठलवाडी
१८ एप्रिल १९९३

हरी,

मधे तुझी चार पत्रं आली. मी दोनच ओळी लिहून पाठवायचो, त्याबद्दल रागावू नकोस. द्रौपदीच्या संधिवाताने मला घराशी बांधून टाकलं आहे. तिला सोडून निघायचं म्हटलं की ती म्हणते, "जा ना, मी काय मरते का," आणि असं म्हटल्यावर कोण निघेल? तूच सांग.

यंदाच्या जयंतीचं लिहितो, म्हणजे तुझा राग जाईल. यंदा पोरं जास्त, शिस्तही जास्त. नवीन डाव बसवला, चार पावलं पुढे, गिरकी, आणि लेझीम डोक्यावरून मागे. पहिल्या दिवशी निम्म्यांच्या लेझमी एकमेकांत अडकल्या. मी म्हटलं, लग्नं लावायची का इथेच? जयंतीच्या दिवशी मात्र एकही अडकली नाही. संपल्यावर माझा दम लागला नव्हता, हरी. घाम आला, पण दम नाही. असं वाटलं की अजून एकदा तेवढाच रस्ता घ्यावा.

तू बस. हलू नकोस. लोक म्हणतात हिंडाफिरा, पण ते ज्यांचं धड आहे त्यांच्यासाठी. आपलं तसं नाही.

किसन

•

मांजर्ली
२ ऑगस्ट १९९३

किसन, जयभीम.

मागच्या पत्रात तू "आपलं तसं नाही" असे लिहिलेस. "तुझं" लिहायचे होते, असे मी धरून चाललो होतो. आता ते तसेच बाजूला ठेवतो आणि गेल्या आठवड्यातला प्रसंग सांगतो.

उल्हास नदीला पूर आला. बबन कामावर होता. दुपारी गल्लीत पाणी शिरले, मग उंबऱ्यावरून आत आले, आणि पाहता पाहता माझ्या खुर्चीच्या पायांभोवती फिरू लागले. सुनंदा नातीला कडेवर घेऊन दारात उभी राहिली.

"आबा, उठा. वर पाटकरांकडे जायचं."

मी शांतपणे म्हणालो, "तू मुलीला घेऊन जा. मला जिना चढायची मनाई आहे. मध्येच कोसळलो तर तुझी दुहेरी अडचण होईल."

"कोसळत नाही तुम्ही."

"डॉक्टरांचे मत तुझ्या मतापेक्षा वजनदार आहे."

तेव्हा ती ओरडली. आजवर माझ्यासमोर तिचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता. "तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही, आबा. कधी झालेलंच नव्हतं. आता वाद नको, पाणी बघा कुठे आलंय. चला म्हणते ना."

मी उठलो. पाणी मांड्यांपर्यंत होते. जिन्यापाशी पोहोचलो, आणि तिथे जे घडले ते मी लिहून ठेवतो, कारण त्याचे साक्षीदार फार थोडे आहेत. माझ्या छातीत काहीही झाले नाही. कळ नाही, घेरी नाही. पण पाय उचलेनात. पायरीवर पाऊल ठेवले की गुडघा वाकायचा आणि सरळ होण्यास नकार द्यायचा. मागून लोक येत होते. मी हात टेकले, गुडघे टेकले, आणि रांगत वर गेलो. लेझीम पथकाचा म्होरक्या, किसन, एका अरुंद जिन्यावरून लहान मुलासारखा रांगत गेला, आणि वरच्या मजल्यावरची एक बाई म्हणाली, "सावकाश, आजोबा, सावकाश." तिच्या दयाळू आवाजाने मला पुरापेक्षा अधिक भिजवले.

वर बसल्यावर मी सुनंदाला विचारले, "तू मघाशी काय म्हणालीस?" ती म्हणाली, "घाबरले होते, काहीतरी बोलून गेले." त्यानंतर ती माझ्याकडे पाहत नाही.

हृदय जर त्या पट्टीत दिसले तसे असेल, तर जिन्यावर ते थांबायला हवे होते. ते थांबले नाही. थांबले ते पाय, ज्यांच्याविषयी कुणीही तक्रार केली नव्हती. त्या दिवशी बाकावर तू माझ्याशेजारी होतास. तुला काय माहीत आहे?

हरिचंद्र

•

विठ्ठलवाडी
९ ऑगस्ट १९९३

हरी,

पुरातून सुखरूप निघालास हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकीचं डोक्यातून काढ. घाबरलेल्या बाईचं बोलणं तू साक्षीत घेतोस? तुझ्या कोर्टात चाललं असतं का हे?

आणि एकदा वाचलास म्हणून धाडस करू नकोस. हा आजार लबाड आहे. महिनोन्महिने गप्प बसतो. मग एका रात्री डाव्या खांद्यापासून करंगळीपर्यंत मुंगी चालल्यासारखं होतं, जबड्याच्या खालच्या बाजूला जड वाटतं, जणू कुणी आतून बोट लावून दाबतंय, आणि घाम येतो तो थंड. तेव्हा जिभेखालची गोळी लगेच हवी. उशाशी ठेव, कपाटात नको. कपाटापर्यंत पोचायला होत नाही.

बस. ऐक माझं.

किसन

•

मांजर्ली
२९ ऑगस्ट १९९३

किसन,

तुझ्या पत्राबद्दल आभार. त्यात तू मला पुरावा दिलास, आणि तो देताना तुझे त्याकडे लक्ष नव्हते.

मला जिभेखाली ठेवण्याची गोळी कधीही देण्यात आलेली नाही. तिचे नावही या घरात कुणी काढले नाही. करंगळीपर्यंत जाणारी मुंगी मला माहीत नाही, जबड्याखालचे बोट मला माहीत नाही, आणि कपाट किती लांब असते तेही माहीत नाही. हे ऐकीव ज्ञान नव्हे. ऐकीव ज्ञानात करंगळी नसते.

मी सुनंदाला म्हटले, "मला उल्हासनगरला घेऊन चल. बबनला सांगू नकोस." ती चप्पल घालू लागली. कॅम्पात एक वृद्ध सिंधी डॉक्टरीण आहे. तिने मला तपासले, नवा कार्डिओग्राम काढला, मग माझी विजार गुडघ्यांपर्यंत वर करून पोटऱ्या चाचपल्या. म्हणाली, "बाबा, दिल तो आपका घोड़े जैसा है. पैर किसने छीन लिये?" मी म्हणालो, "ते शोधायलाच आलो आहे." त्या मार्चमध्ये मला आलेली घेरी उन्हाची आणि उपाशीपोटी केलेल्या सरावाची असावी, असे तिचे मत आहे. लाल गोळी ताकदीची निघाली.

त्या संध्याकाळी बबन आला. मी त्याला समोर बसवले. पूर्वी साक्षीदार बसवत असे तसा.

"ती पट्टी कुणाची होती?"

तो म्हणाला, "काकांची."

"आणि माझी?"

"तुमची चांगली होती."

"हे कुणी ठरवले?"

"मी काकांना त्यांचं सांगायला गेलो, आबा. ते म्हणाले, हे माझं नाही, हरीचं म्हणून सांग. मी घाबरलो. मग वाटलं, बरंच आहे. आई गेली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. तुम्ही सायकलवर कुठे पडाल आणि मला गेटवर कुणीतरी निरोप देईल, ह्याच्या भीतीने मला झोप लागत नव्हती."

"मला तसे सांगायचेस."

"सांगून ऐकलं असतंत? तुम्ही पुरावा मागता. म्हणून पुरावा दिला."

या उत्तरात एक तीक्ष्णता आहे, ती मी मान्य करतो. त्या पट्टीवर नाव नव्हते, तारीख नव्हती, सही नव्हती. असा कागद विरुद्ध बाजूने आणला असता तर मी तो टेबलावरसुद्धा ठेवू दिला नसता. मुलाच्या हातून आला आणि शेजारी मित्र बसला होता, एवढ्यावर मी तो स्वीकारला.

मग मी त्याला पथकाविषयी विचारले. "कसलं पथक, आबा? काका त्या वर्षापासून मोरिवलीला गेलेच नाहीत. पोरांनी लेझीम सोडून बँजो लावला. तुम्हाला त्रास देऊ नका, भेटायला येऊ नका, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं."

म्हणजे चहा विसरलेला वॉचमन नव्हता. कौसाबाईचा टोमणा नव्हता. गिरकी नव्हती, आणि दम न लागलेला माणूसही नव्हता.

मी तुला तीन प्रश्न विचारतो. तू आपला आजार माझ्या नावावर का लावलास? लावलास तर ती पत्रे का लिहिलीस? आणि माझे पाय जात आहेत, हे मी तुला गेल्या वर्षी जूनच्या पत्रात लिहिले होते. ते वाचून तू काय केलेस?

हरिचंद्र

•

विठ्ठलवाडी
१२ सप्टेंबर १९९३

हरी,

लपवण्यासारखं आता काही राहिलं नाही. होय, केलं. माफी मागत नाही, कारण तू माफीचीही उलटतपासणी घेशील.

बबन बाहेर आला आणि माझ्या कानाशी म्हणाला, काका, तुम्हाला आता बसावं लागणार. तू बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होतास, डोळे मिटून, बोटांनी मांडीवर ठेका धरून. घेरी तुला आली होती आणि बसायचं मी. मी तुझ्याकडे पाहिलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. तू दर रविवारी सायकलवरून येणार. दारात उभा राहणार, घाम पुसत. मला सांगणार की आजार हे अनुमान आहे आणि चालणं हा सिद्धान्त आहे. माझ्या खाटेपाशी उभं राहून मला उठवायचा वाद घालणार, आणि जिंकणार. मग मोरिवलीला जाऊन नाचणार.

इतकी वर्षं मी तुझी पाठ पाहिली, हरी. तुझ्या सदऱ्यावर घाम कुठून सुरू होतो आणि कुठे उतरतो, हे मला तुझ्या बायकोपेक्षा चांगलं माहीत होतं. मला वाईट कधी वाटलं नाही. पण बसायची पाळी आली तेव्हा वाटलं, ह्या एका गोष्टीत तरी मी एकटा मागे नको. तू उभा आणि मी बसलेला, हे मला सोसलं नसतं. दोघेही बसलेले, हे सोसलं असतं. त्या क्षणी तोंडातून गेलं ते गेलं. नंतर परत घ्यायला वाव होता, पण घेतलं नाही.

पत्रांचं विचारलंस. पहिलं पत्र तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे ते लिहिताना मीच पुढे होतो. बैठकीचा डाव मी इथे खाटेवर बसून घेतला. तुझी लेझीम खाटेखाली आहे. एकदाच काढली, तर आवाज झाला, आणि द्रौपदीने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय पडलं?" तिला माझ्या आजाराचं अजून पुरतं सांगितलेलं नाही. पुन्हा काढली नाही.

तुझ्या पायांचं वाचलं होतं. वाचून दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता आपण सारखे झालो.

तू आयुष्यात एकही वाद हरला नाहीस. तुझ्याशी खरं बोलून कुणी कधी जिंकलंय का, हे एकदा स्वतःला विचार.

येशील का? मला यायला होत नाही.

किसन

•

मांजर्ली
१३ मार्च १९९४

किसन,

उत्तरास सहा महिने लागले. त्या काळात मी लिहिण्यापेक्षा महत्त्वाचे काम करत होतो.

पहिले काही दिवस भिंत धरून खोलीतल्या खोलीत. मग सुनंदा सोबत आली आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथे तिने विचारले, "बसायचंय का, आबा?" मी म्हणालो, "हा प्रश्न या घरात पुन्हा कुणी विचारायचा नाही." ती हसली, पुरानंतर ती प्रथमच हसली. दिवाळीनंतर नदीकाठापर्यंत जाऊ लागलो. पोटऱ्यांत रात्री जी कळ येते ती मला आवडते, कारण ती माझी आहे. खुर्चीवरून उठण्यासाठी ठराव लागत नाही. जे गेले ते सगळे परत येणार नाही, असे डॉक्टरीण म्हणते. साठीनंतर अंगातले बळ वापरात नसले की ते वाट पाहत नाही, निघून जाते. बैठकीचा डाव मला यापुढे घेता येणार नाही. हा तोटा मी तुझ्या आणि बबनच्या नावावर मांडतो. बबनशी मी बोलतो, कारण तो रोज माझ्या डोळ्यांसमोर असतो आणि रोज थोडा थोडा खजील होतो. आता कामाहून आला की तो विचारतो, "आज कुठवर?"

तुझ्या पत्राचा मी मुद्देसूद विचार केला. मत्सर मला समजतो. मनुष्य बसतो तेव्हा शेजारचाही बसावा असे त्याला वाटू शकते. त्यात नवल नाही. एका क्षणी तोंडातून निघून गेलेले वाक्य मी कदाचित सोडून दिले असते. पण पत्रे क्षणात लिहिली जात नाहीत. दीड वर्ष मी तुझ्या शब्दांवर चाललो, तुझ्या गुडघ्यांनी बसलो, तुझ्या दमाने श्वास घेतला. आणि ते सगळे रिकामे होते. माझे पाय तू बबनच्या हाताने घेतलेस, पण ती जागा भरायला जे दिलेस ते स्वतःच्या हाताने दिलेस. हे मी सोडून देऊ शकत नाही.

तू म्हणतोस, माझ्याशी खरे बोलून कुणी जिंकले नाही. हे खरे असू शकते. बबननेही तेच म्हटले, आणि दोन साक्षी जुळतात तेव्हा मी दुर्लक्ष करत नाही. पण जो वादात हरतो त्याला खोटे बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो, हे अनुमान मला मान्य नाही. हरलेल्याला गप्प राहता येते. उठून जाता येते. शिवी देता येते. तू यातले काहीच केले नाहीस.

आता एक गोष्ट सांगतो, ती मैत्री म्हणून नव्हे. माहिती असून न सांगणे हा अपराध आहे, आणि तो मी करणार नाही. मी त्या डॉक्टरणीला तुझ्याविषयी विचारले. नाव सांगितले नाही. ती म्हणाली, असा रोगी नुसता बसवून ठेवला तर हृदयाबरोबर पायही जातात, आणि मग हृदयाला दुप्पट ओझे होते. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीत, रोज, सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या वेगाने चालवले पाहिजे. छातीत भरून आले की थांबायचे. म्हणजे तू मला जे दिलेस तेच स्वतःलाही दिलेस, आणि दोन्हीकडे चूक केलीस. द्रौपदीला सर्व खरे सांग आणि तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जा. ती तुझ्यापेक्षा कणखर आहे.

तू विचारलेस, येशील का. त्याचे उत्तर द्यायचे राहिले.

मी काल आलो होतो. विठ्ठलवाडी स्टेशनपासून तुझ्या चाळीपर्यंत चालत, कुणाचा हात न धरता. तू वरच्या गॅलरीत खुर्चीवर बसला होतास, अंगावर शाल, तोंड रस्त्याकडे, पण नजर रस्त्यावर नव्हती. तू बारीक झाला आहेस. द्रौपदी बाहेर आली, तुझ्या हातातला कप घेतला आणि तुझे केस सारखे केले. मी समोरच्या पानवाल्याच्या फळीपाशी उभा होतो. तो म्हणाला, "कुणाकडे, आजोबा? वर जायचंय?" मी जिन्यापर्यंत गेलो, पहिल्या पायरीवर पाऊल ठेवले आणि गुडघ्यावर भार देऊन पाहिला. गुडघा सरळ झाला. दुसऱ्या पायाची परीक्षा घेतली, तोही टिकला. तेवढे पाहून मी पाऊल खाली घेतले आणि परत फिरलो.

हे तुला कळावे म्हणून लिहितो. तू पुढे कधी कुणाला सांगशील की हरी आला नाही, कारण त्याला जिना चढता येत नव्हता. तसे सांगू नकोस. मला चढता येत होते.

हरिचंद्र भालेराव